पेकोसची भिंत आणि हेमेझचा सण

वसईच्या किल्ल्यातील छप्पर उडालेल्या चर्चांच्या आसपास माझे बालपण गेले, त्यामुळे पडक्या चर्चचे मला फारसे अप्रूप नाही. तरीही गेल्या डिसेंबरात अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात पेकोस येथे एका उघड्या टेकाडावरच्या भिंतीपाशी मी बराच वेळ रेंगाळलो, कारण ती भिंत मातीची होती. आमच्याकडे पोर्तुगीजांनी जे बांधले ते दगडात बांधले. येथे स्पॅनिशांच्या चर्चची भिंत कच्च्या विटांची, पावसावाऱ्याने कडा झिजून गोलावलेली होती आणि जवळ जाऊन पाहिले तर विटांमध्ये गवताच्या काड्या दिसत होत्या. माझी भाची नोकरीच्या निमित्ताने ॲल्बुकर्कीत राहते. ‘मामा, या खेपेला कॅलिफोर्निया नाही आणि धबधबेही नाहीत, माझ्या दारातले काय ते पाहा,’ असे तिने आधीच बजावले होते, म्हणून आम्ही उभयता या बाजूला आलो.

रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात मका, घेवडा आणि भोपळा पिकवून मजलेदार मातीच्या घरांत राहणाऱ्या समाजांना स्पॅनिशांनी ‘प्वेब्लो’, म्हणजे नुसते ‘गाव’, असे नाव दिले आणि ते चिकटले. आज न्यू मेक्सिकोत असे १९ प्वेब्लो आहेत. त्यांच्या भाषा एकाच कुळातल्या नाहीत आणि प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र आहे. शाळेत आम्ही या सर्वांना सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणून मोकळे होत असू. त्या शब्दाने येथे काहीच उलगडत नाही. पेकोस हा त्या काळी पूर्वेच्या टोकाचा आणि बाजारपेठेमुळे संपन्न झालेला प्वेब्लो होता. पलीकडच्या गवताळ मैदानांतून अपाची लोक बायसनची कातडी, सुके मांस आणि गारगोटीचा दगड घेऊन येत आणि मका, सुती कापड व मडकी घेऊन परत जात. १५४० मध्ये कोरोनादो या स्पॅनिश सेनानीची फौज येथे पोचली. १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते मेंढरे, गुरे, बियाणे आणि फ्रान्सिस्कन पंथाचे फादर घेऊन कायमचे राहण्यासाठी आला.

पेकोसला १६२५ च्या सुमारास आंद्रेस हुआरेस या फादरने सुमारे तीन लाख विटांचे चर्च उभारले. अलोन्सो दे बेनाविदेस या वरिष्ठ फादरने १६३० च्या आपल्या वृत्तांतात त्याची तोंडभरून स्तुती केली होती. पुढच्या अभ्यासकांना ती फुशारकी वाटे, कारण जागेवर दिसणारे अवशेष कितीतरी लहान चर्चचे होते. १९६७ मध्ये खोदकामात त्या जुन्या चर्चचा प्रचंड पाया सापडला आणि बेनाविदेस खोटे बोलत नव्हता हे सिद्ध झाले. आज उभी आहे ती भिंत १७१७ च्या चर्चची; मोठ्या पायाच्या आत ती लहान इमारत बसवलेली आहे, आणि जमिनीवरून चालताना दोन्हींच्या रेषा स्पष्ट दिसतात.

मातीची भिंत प्वेब्लो लोकांना नवीन नव्हती. ते ओल्या चिखलाचे थर हाताने एकावर एक चढवत. लाकडी साच्यात चिखल आणि गवत दाबून उन्हात वीट वाळवण्याची रीत स्पॅनिशांनी आणली, आणि स्पॅनिशांकडे ती अरबांकडून आली होती. अशा विटेला म्हणतात तो ‘अडोबे’ हा शब्दच स्पॅनिशमध्ये अरबीतून आला आहे. बेनाविदेसच्या वृत्तांतात याविषयी एक मोठी गमतीदार नोंद आहे. येथे भिंत बांधणे हे बायकांचे काम आणि विणकाम पुरुषांचे. एखाद्या पुरुषाला भिंतीला लावले तर तो लाजेने पळून जातो आणि बायका त्याला हसतात, असे तो लिहितो. त्यामुळे चर्चच्या भिंती बायकामुलांनीच उभारल्या. पुढे स्पॅनिश वस्त्यांतही घर लिंपण्याचे काम बायकांकडे गेले आणि त्या कामात तरबेज असलेल्या बाईला ‘एन्हार्रादोरा’ हे स्वतंत्र नाव पडले. सारवणाची सवय असलेल्या आमच्या सौभाग्यवतींना ही माहिती इतकी पटली, की पुढचे तीन दिवस प्रत्येक भिंतीवर हात फिरवून ‘ही बाईचीच’ असा निकाल त्या देत होत्या.

चर्चला लागून फादर लोकांचा मठ होता, आणि त्या मठाच्या आवारात जमिनीखाली एक किव्हा आहे. किव्हा म्हणजे प्वेब्लोंच्या विधींची खोली. छतातल्या चौकोनी तोंडातून शिडीने उतरायचे, खाली मध्यभागी अग्निकुंड आणि त्यामागे भोक, जे त्यांच्या श्रद्धेनुसार माणसे खालच्या जगातून वर आली ती वाट दर्शवते. मठाच्या अंगणात किव्हा हे आमच्या डोक्यात बसेना. एक मत असे, की १६८० च्या बंडात चर्च पाडल्यावर लोकांनी त्याच्याच विटा वापरून मुद्दाम येथे किव्हा बांधली. दुसरे मत असे, की सुरुवातीच्या काळात फादरांनीच ती चालवून घेतली, कारण लोकांना ओळखीच्या खोलीतून नव्या देवाकडे नेणे सोपे होते. मी शिडीने खाली उतरलो. आत थंडी कमी होती आणि वरून पडणारा उजेडाचा चौकोन सोडला तर काही दिसत नव्हते. त्या दोन मतांपैकी कोणतेही खरे असले, तरी एकाच विटेने दोन देवांची घरे बांधली गेली, एवढे उघड होते.

‘परस्पर प्रभाव’ हा शब्द अशा वेळी फार गुळगुळीत वाटू लागतो. मेक्सिको शहराहून मिशनांसाठी सामान घेऊन येणारा गाड्यांचा तांडा साधारण तीन वर्षांनी एकदा येत असे आणि वाटेत त्याला सहा महिने लागत. एवढ्या अंतरावर टाकलेल्या वसाहतवाल्यांना प्वेब्लोंसारखे जगण्यावाचून गत्यंतरच नव्हते. ते मक्याची भाकरी खात, प्वेब्लो बायकांनी घडवलेल्या मडक्यांत रांधत, कातड्याची मऊ पायताणे घालत, खिडकीला काच नसली की त्या जागी सेलेनाइट या पारदर्शक खनिजाचे पत्रे बसवत. त्याच वेळी प्वेब्लोंच्या दर घरामागे वर्षाला ठरावीक माप मका आणि एक कापड किंवा कातडे अशी वसुली होत होती. म्हणजे स्पॅनिशांच्या ताटातला मका हा शेजाऱ्याकडून शिकून घेतलेला पदार्थ होता तसाच तो करही होता. दुष्काळ पडले, देवीची साथ आली, तरी वसुली थांबली नाही. किव्हांवर छापे घालून विधींचे मुखवटे जाळले गेले. १६७५ मध्ये ४७ धर्मप्रमुखांना चेटकाच्या आरोपावरून पकडण्यात आले. काहींना फाशी झाली आणि बाकीच्यांना फटके मारण्यात आले. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा एक जण होता.

पुढे पाच वर्षांनी त्याच पोपेने गावोगावी धावणाऱ्यांच्या हाती गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची सुटली की उठायचे. १० ऑगस्ट १६८० रोजी बंड पेटले, सुमारे ४०० वसाहतवाले मारले गेले, त्यांत २१ फादर होते, आणि उरलेले दक्षिणेकडे एल पासोपर्यंत पळाले. १२ वर्षे स्पॅनिशांना येथे पुन्हा पाय रोवता आले नाहीत. १६८१ मध्ये पकडलेल्या पेद्रो नारान्हो या वृद्ध कैद्याची जबानी उपलब्ध आहे. नदीत उतरून अमोले या मुळाच्या फेसाने अंग धुऊन बाप्तिस्मा घालवा, स्पॅनिश बियाणे जाळा आणि फक्त मका व घेवडा पेरा, असा पोपेचा हुकूम होता, असे त्याने सांगितले. अंग धुण्याचे लोकांनी ऐकले. पण मेंढरे राहिली, गहू राहिला, मिरची राहिली. ज्याने हाकलले त्यानेच काय ठेवायचे ते ठरवले, आणि या सबंध प्रवासात मला महत्त्वाची वाटली ती हीच गोष्ट. १६९२ मध्ये दियेगो दे व्हार्गास या गव्हर्नरबरोबर स्पॅनिश परत आले, पुन्हा रक्त सांडले, पण मका-कापडाची ती वसुली पूर्वीच्या रूपात परत आली नाही आणि फादर लोकही किव्हांकडे काणाडोळा करू लागले.

ॲकोमाला जायला आम्हाला एक पूर्ण दिवस लागला. सुमारे ३७० फूट उंचीच्या सुळक्यासारख्या पठारावर वसलेले हे गाव गावच्याच वाटाड्यासोबत पाहावे लागते. १५९९ मध्ये ओन्यातेच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले आणि २५ वर्षांवरील पुरुषांना एक पाऊल तोडण्याची व २० वर्षे वेठबिगारीची शिक्षा फर्मावली. १९९८ च्या सुरुवातीला त्याच राज्यातील ओन्यातेच्या ब्राँझच्या पुतळ्याचे उजवे पाऊल कापून नेलेले आढळले, यावरून चारशे वर्षे किती लवकर जातात ते कळावे. तेथील सान एस्तेबान चर्चच्या छताला ४० फुटी तुळया आहेत. त्या सुमारे ५० किलोमीटरवरच्या डोंगरातून माणसांनी खांद्यावरून आणल्या. दफनभूमीची मातीही खालून वाहून आणली, कारण वर नुसता खडक. वाटाडी बाई सबंध वेळ ‘आम्ही बांधलेले चर्च’ असेच म्हणत होत्या. त्यात अभिमान किती आणि हिशेब किती, हे मला त्यांच्या आवाजावरून ठरवता आले नाही. १६८० च्या बंडातूनही ते चर्च टिकले.

सांता फे शहराबद्दल मी फार लिहिणार नाही. तेथे १९५७ पासून जुन्या भागातील इमारतींनी जुनीच शैली पाळावी असा नियम आहे, त्यामुळे मोटारी लावण्याची बहुमजली इमारतसुद्धा मातीच्या रंगाचा गिलावा लेऊन उभी आहे. जुन्या गव्हर्नरवाड्याच्या ओसरीत प्वेब्लो आणि नवाहो कारागीर चांदीचे दागिने मांडून बसतात. नवाहोंनी चांदीकाम मेक्सिकन सोनारांकडून एकोणिसाव्या शतकात उचलले. त्यांच्या प्रसिद्ध हारातली फुले ‘भोपळ्याची फुले’ म्हणून विकली जातात, पण त्यांचा आकार स्पॅनिशांच्या कपड्यांवरील डाळिंबाच्या गुंड्यांचा आहे. सौ.ने भाव विचारला आणि आम्ही पुढे निघालो.

पेकोसची गोष्ट पेकोसला संपत नाही. रोगराई आणि कोमांची टोळ्यांचे हल्ले यांमुळे गाव आटत गेले आणि १८३८ मध्ये उरलेली मोजकी माणसे पश्चिमेला १०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या हेमेझ या प्वेब्लोत राहायला गेली, कारण त्यांची तोवा भाषा बोलणारे तेच एक गाव होते. पुढे विसाव्या शतकात आल्फ्रेड किडर या पुरातत्त्वज्ञाने पेकोसला उत्खनन केले आणि सुमारे २,००० माणसांचे अवशेष पूर्वेकडच्या संस्थांत जाऊन पडले. १९९९ मध्ये ते परत आले तेव्हा हेमेझची माणसे पायी चालत पेकोसला गेली आणि त्यांनी आपले पूर्वज पुन्हा मातीत ठेवले. पेकोसच्या चर्चचा सण, २ ऑगस्टचा, हेमेझमध्ये आजही पाळला जातो. हे सर्व भाचीने हेमेझला जाताना मोटारीत सांगितले, आणि मग म्हणाली, ‘मामा, आता मोबाइल इथेच डिकीत ठेवा. तिथे फोटो नाही, चित्र काढायचे नाही, लिहून घ्यायचेही नाही.’

१२ डिसेंबर हा ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेचा, सण. लाल खडकांच्या दरीत शिरल्यावर आधी धूर दिसला. घराघरांसमोर मातीचे अर्धगोल ओर्नो, म्हणजे पावाच्या भट्ट्या, होत्या. एका घरापाशी परवानगी घेऊन आम्ही उभे राहिलो. आत देवदाराच्या जातीची लाकडे जळून निखारे झाले होते. बाईंनी ते फावड्याने बाहेर ओढले, ओल्या पोत्याचा बोळा काठीला बांधून भट्टीचा तळ पुसला, मग वर्तमानपत्राचा तुकडा आत टाकला. तो काळा पडला. त्यांनी मान हलवली आणि थांबल्या. थोड्या वेळाने टाकलेला दुसरा तुकडा नुसता तांबूस झाला, तेव्हा लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून एकामागून एक गोळे आत सरकवले, तोंडाला फळी लावली आणि फटींवर ओले पोते दाबले. ही भट्टी अरबांकडून स्पेनला आणि स्पेनहून येथे आली, पण आता ती इतकी येथली झाली आहे, की प्वेब्लोचे चित्र काढायला सांगितले तर कोणतेही मूल आधी शिडी आणि मग ओर्नो काढील. वसईतही पाव पोर्तुगीजांचा, पण त्याला फुगवणारी ताडी आमच्या झाडांची. मी हे बाईंना सांगितले. त्यांनी ताडीची चौकशी बारकाईने केली, पोर्तुगीजांची केली नाही.

चौकात नाच सुरू झाला होता. या नाचाचे नाव मातचिनेस. ख्रिस्ती लोकांनी स्पेनमधील मूर, म्हणजे मुसलमान, लोकांवर मिळवलेल्या विजयाचा हा युरोपी नाच फादरांनी मेक्सिकोत आणला आणि त्यात मोक्तेसुमा या तेथल्या ॲझ्टेक राजाच्या धर्मांतराची गोष्ट घातली. हेतू उघडच धडा शिकवण्याचा होता. प्वेब्लोंमध्ये मात्र हा नाच मोक्तेसुमानेच दक्षिणेकडून आणून आम्हाला शिकवला, असे सांगतात. दोन रांगांत नर्तक उभे होते. डोक्यावर बिशपच्या टोपीसारखे उंच मुकुट, त्यामागे पाठीवर लोंबणाऱ्या रंगीत फिती, डोळ्यांसमोर झालर आणि तोंडावर रुमाल, एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात तीन दात्यांचा पंखा. चेहरा कोणाचाच दिसत नव्हता. मधून मोनार्का, म्हणजे राजा, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या झग्यातली सात-आठ वर्षांची मुलगी, जिला मालिंचे म्हणतात. आमच्याकडे पहिल्या कम्युनियनला मुली घालतात तसाच झगा, पण थंडीमुळे त्याखाली जाड विजार आणि पायांत खेळाचे बूट. एक जण बैलाची कातडी पांघरून दोन काठ्यांवर पुढचे पाय टेकत होता. आसूड घेतलेले मुखवट्यातले ‘आजोबा’ प्रेक्षकांची टिंगल करत, रांग सरळ करत आणि नर्तकाची सुटलेली फीतही बांधत.

साथीला व्हायोलिन आणि गिटार होती. एकच चाल इतक्या वेळा फिरून येई, की अर्ध्या तासाने ती माझ्या श्वासात बसली. मग हे नर्तक गेले आणि गावाच्या दुसऱ्या गटाचे आले. हेमेझमध्ये दोन कुळगट आहेत, एक पिरोजा खड्याचा आणि एक भोपळ्याचा, आणि त्या दिवशी दोघेही तोच नाच करतात. एकाच्या साथीला तारवाद्ये असतात, दुसऱ्याच्या साथीला ढोल आणि पुरुषांचा गाणारा समूह. राजा तोच, मुलगी तशीच, बैल तोच. पण ढोल सुरू होताच पावले बदलली, ती जमिनीत जाऊ लागली. दोन्ही प्रकार एका चौकात, एका दिवशी, आलटून पालटून ठेवायचे आणि एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, ही शिस्त मी इतरत्र कुठे पाहिलेली नाही. एका बाजूला मांडवात ग्वादालुपेची प्रतिमा होती आणि नर्तक तिच्यासमोर येऊन वळत होते. किव्हाची शिडी त्याच चौकात आकाशाकडे गेलेली होती. तिच्याकडे कोणी बोट दाखवले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

भाचीने नंतर सांगितले, की गावच्या गव्हर्नरपदाची खूण म्हणजे काठ्या आहेत: सतराव्या शतकातील स्पॅनिश राजवटीची एक, मेक्सिकोची एक, आणि १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने प्रत्येक प्वेब्लोला पाठवलेली चांदीच्या मुठीची एक. राज्ये गेली, काठ्या दरवर्षी नव्या अधिकाऱ्यांच्या हाती जातात. तोवा भाषा मात्र लिहायची नाही, असा गावाचा निर्णय आहे. आमच्या बाजूला याच्या अगदी उलट घडले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील साष्टीत बसून मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. त्या ओव्यांचा मला अभिमान आहे. तरी त्या दिवशी, खिशात कागद नसताना, न लिहिण्याच्या निर्णयामागचे शहाणपणही मला दिसत होते.

दुपारी एका घरातून आम्हाला जेवायला हाक आली. सणाला अनोळखी माणसालाही घरात घेतात, पण रीत अशी, की जेवावे, आभार मानावे आणि उठावे, कारण बाहेर पुढची पंगत थांबलेली असते. लांब टेबलावर पोसोलेचे पातेले होते: चुन्याच्या निवळीत शिजवून साल काढलेला मका येथला, डुकराचे मांस स्पॅनिशांचे, आणि लाल मिरची मेक्सिकोतून त्यांच्याच सामानात आलेली. तीच मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आमच्याकडे पोचली, त्यामुळे पहिल्या घासाला सौ. म्हणाली, ‘अहो, हे तर आपलेच आहे,’ आणि मग मक्याच्या फुगलेल्या दाण्याशी थबकली. सोबत ओर्नोतला पाव होता. कवच कडक, आत घट्ट, किंचित धुरकट. सुक्या आलुबुखाराचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ (pie) हा चपटा गोड पदार्थ होता. वरून कोणी आग्रह करत नव्हते आणि कोणी ताटाकडे पाहतही नव्हते.

आम्ही उठत होतो तेव्हा ती मालिंचे आत आली. पांढऱ्या झग्यावर निळे जाकीट घातले होते, गाल थंडीने लाल झाले होते. ती थेट आजीच्या मांडीवर बसली, त्या गोड ‘पाय’चा तुकडा हातात घेतला आणि तोंड भरलेले असतानाच तोवात काहीतरी सांगू लागली. सबंध टेबल हसले. आम्ही तिघे दारात उभे होतो. आम्हाला त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही. आजीने तिच्या झग्यावरचे चुरे झटकले आणि आमच्या हाती कागदात गुंडाळलेला एक पाव दिला.